पुतळीचं पान

ती. आईस,
बर्लिनहून तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. चष्मा शोधत बसू नकोस, दादाची भाविका वाचून दाखवेल.

वडखळला एसटीत चढताना गुडघा अजून दुखतो का? मी नीट जेवतो, म्हणजे पाव खातो. ठिपके रेघांनी जोडून केलेली दोन जाळी एकाच आकाराची आहेत का, हे ओळखायचा मला पगार मिळतो. वाटेल तसल्या जाळ्यांसाठी झटपट रीत अजून कुणालाच सापडलेली नाही. वंशावळीसारखं, कुठेही फेरा नसलेलं झाड असलं की मात्र सोपं. टोकाची पानं खुडत आत यायचं.

वारसनोंदीसाठी सुशीलदादाने काढलेली वंशावळ आणि तू वहीत काढलेली, दोन्ही तशीच ताडून पाहिली. आम्ही नावं पुसतो, नुसता आकार बघतो. तरी जुळेनात. तुझ्या झाडाला एक पान जास्त निघालं, पुतळीचं.

फोनवर मीच अक्कल पाजळली होती, "तीन महिने जगलेलं मूल कशाला लिहितेस?" तू म्हणालीस, "मंग काय ती माझी नाय रं?" आणि फोन ठेवलास.

दादाला कळवलंय, पुतळीला लिही म्हणून. आजवर कुणी विचारलं की आम्ही दोघे भावंडं, असंच सांगत आलो. तू शेजारी बसून दरवेळी ऐकलंस, आणि एकदाही चूक काढली नाहीस.

तुझा,
रघू