चार वाजताचं वर्णन

१८ ऑगस्ट २०२५

"अधिक माहितीसाठी पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर संपर्क साधा!"

जाहिरात कुणासाठी? अंधांसाठी! मोफत तपासणीचं शिबिर, पांढऱ्या काठ्यांचं वाटप, प्रमाणपत्राची सोय — गोड आवाजात सगळं सांगितलं. तारीख नाही, जागा नाही. ती म्हणे पडद्यावर आहे. दिवसातून आठ वेळा "या, या" म्हणायचं आणि आठही वेळा दार आतून लावून घ्यायचं!

आईला म्हटलं, नंबर वाच. आईला अक्षर येत नाही, आकडे येतात. "लई झर्रकन गेला गं," म्हणाली. आठही वेळा झर्रकन गेला.

हे लिहिताना टोचणी इतक्या जोरानं दाबतेय की कागद फाटतोय. फाटू दे. या घरात ब्रेल वाचणारं माझ्याशिवाय कुणी नाही. शिव्या मोकळेपणानं देता येतात.

१९ ऑगस्ट

धाकट्या भावाला, धम्मपालला, बजाजनगरला फोन केला. त्यानं कंपनीतून सुटल्यावर टपरीवरच्या टीव्हीत बघून नंबर सांगितला. मी लगेच लावला. शिबिर काल संपलं!!

२ सप्टेंबर

जालना रोडवर त्या वाहिनीच्या कचेरीत गेलो. आमच्या संघटनेचे अकरा जण, अकरा काठ्या. व्यवस्थापक विश्वजीत — आवाज पस्तिशीचा, अत्तर भारी.

"मॅडम, राग मानू नका, पण अंध लोक टीव्ही बघतात?"

"बघतात. मालिका बघतात, मॅच बघतात, आणि तुमच्या जाहिरातीतलं शिबिर चुकवतात."

"पण ऐकू तर सगळं येतंच ना?"

मी त्याला कायदा ऐकवला. दिव्यांग हक्कांचा, दोन हजार सोळाचा, कलम बेचाळीस. चित्रात काय चाललंय ते आवाजात सांगायचं, हे त्यात लिहिलं आहे. मी वर्गात राज्यशास्त्र शिकवते तशी संथपणे बोलले. तो म्हणाला, ते मोठ्या वाहिन्यांसाठी असेल. आणि मीटिंगला निघून गेला.

आम्ही उठलो नाही. बाहेरच्या खोलीत त्यांचाच टीव्ही चालू होता. कडूबाभाऊ — स्टेशनसमोर वजनकाटा घेऊन बसतात ते — येईल-जाईल त्याला धरायला लागले. "दादा, आता काय दाखवायलेत?"

"दोन बायका बोलतायत."

"ते आम्हाला बी ऐकू येतंय की! तिसरी हाय का कुणी? दाराआडून ऐकतीया का?"

शिपाई, हिशेबनीस, चहावाला, बातम्या वाचणारी मुलगी — एकालाही सोडलं नाही. अडीच तास! कुणाला कामच करता येईना. शेवटी विश्वजीत बाहेर आला. "मॅडम, नेमकं पाहिजे काय तुम्हाला?"

"तुमचे डोळे. रोज अर्धा तास."

२६ सप्टेंबर

पत्र आलं. संध्याकाळी सातच्या मालिकेचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता पुन्हा दाखवणार — वर्णनासह. एक नोव्हेंबरपासून तीन महिने, प्रयोग म्हणून. चाललं तर पुढे बातम्या आणि जाहिरातीही.

प्रयोग! आमच्यावर प्रयोग! रस्त्यावर दिवे लावताना करतात का तीन महिन्यांचा प्रयोग, डोळसांना चालेल का बघायला?

घेतलं पदरात. पण उपकार म्हणून नाही.

१ नोव्हेंबर

आज पहिला भाग. मालिकेचं नाव लिहून कागद खराब करत नाही. इनामदारांचं घर, सासू, धाकटी सून — वर्षभर मी आणि आई रोज सातला ऐकतो. म्हणजे मी ऐकते, आई बघते आणि सांगते.

वर्णन करणारी मुलगी श्रेया. पूर्वी रेडिओवर होती. "सून दार उघडते. बाहेर कुणी नाही. उंबऱ्यावर एक पाकीट." बस, एवढंच. संवादाच्या फटीत बरोबर बसवलेलं. हे पाकीट मी माझं मी उचललं असं वाटलं. आईला विचारावं लागलं नाही.

आणखी एक. सासूच्या गालावर भाजल्याचा डाग आहे म्हणे. वर्षभरात आज कळलं! आईला म्हटलं, तू कधी बोलली नाहीस? "त्यात काय सांगायचं? बाईच्या तोंडाला नावं ठेवावी का?"

११ नोव्हेंबर

काल सातला आई म्हणाली, सुनेनं जांभळा शालू नेसलाय, केसात गजरा. आज चारला श्रेया म्हणते — हिरवी साडी, केस मोकळे.

"हिरवी कुठली? जांभळी व्हती. म्या डोळ्यानं बघितली." आई तडकली. "बंद कर ते. उगी कटकट."

बंद कर म्हणते आणि चार वाजले की जागची हलत मात्र नाही.

साडीचा रंग ही छोटी गोष्ट आहे? नाही! डोळस माणसाला छोटी वाटते, कारण त्याला ती फुकट मिळते. आमच्या ताटात जे वाढाल ते नीट वाढा.

१९ नोव्हेंबर

हद्द झाली. काल सून नवऱ्याचं पत्र वाचते आणि मग दीड मिनिट नुसती सनई. एक शब्द नाही. आई म्हणाली, "फाडलं बघ तिनं. चुलीत टाकलं. बरं केलं!" आणि आज श्रेयाबाई — "ती पत्राची घडी करून तांदळाच्या डब्यात खुपसते."

जाळलेलं पत्र डब्यात! कामचुकारपणा, दुसरं काय. आंधळ्यांना काय कळतंय, ठोका काहीतरी!

२० नोव्हेंबर

श्रेयाला फोन केला. "मॅडम, मी एकेक दृश्य चार-चार वेळा बघते. पत्र डब्यातच आहे."

"माझ्या आईनं बघितलंय."

"त्यांचं... काही चुकलं असेल."

माझ्या आईचं! नऊ वर्षांची होते मी, करमाडला गोवरात डोळे गेले. त्या दिवसापासून आई सांगते आहे. बाजारात कोण काय विकायला बसलंय, आभाळाचा रंग काय, मास्तर बोलताना हसतोय की दात विचकतोय. शेतात दिवसभर राबून आली तरी सांगायची. मी भाषणात माणसं डोळ्यांपुढे उभी करते म्हणतात लोक. कुठून आणली मी ती? आईच्या तोंडून. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं मला अख्खं जग दाखवलं. आणि कालपरवा माइकपुढे बसलेली पदवीधर पोरगी म्हणते, त्यांचं चुकलं असेल. आमच्या आयांचंच कसं चुकतं नेहमी?

३ डिसेंबर

जागतिक दिव्यांग दिन. (अंगात कसलं दिव्य आहे ते आजवर सापडलं नाही.) सभागृह भरलेलं. वाहिनीचा सत्कार ठेवला होता — विश्वजीतला शाल, श्रेयाला शाल-नारळ. मला चार शब्द बोला म्हणाले.

चार शब्दांवर थांबणारी मी नव्हे. म्हटलं, सत्कार कशाचा? खोटं सांगितल्याचा? डोळसांना शिळं वाढलं तर ते ताट फेकतात, आणि आम्ही शिळ्याला टाळ्या वाजवायच्या? म्हटलं, माझी आई भामाबाई निरक्षर आहे, सत्तरीची आहे, पण तिचं पाहणं या पोरीच्या पदवीपेक्षा खरं आहे! साडी आणि पत्र, दोन्ही तारीखवार सांगितलं. "चुकीचं वर्णन देण्यापेक्षा देऊच नका!" म्हटलं.

टाळ्या थांबेनात. मंचावर माझ्या उजवीकडे नारळ खाली पडल्याचा आवाज आला, आणि खुर्ची सरकल्याचा. श्रेया निघून गेली म्हणे.

जाऊ दे. सत्य टोचतंच.

४ डिसेंबर

आई जेवली नाही. मला वाटलं, तिला अभिमान वाटेल!

"एवढ्या लोकांत माझं नाव कशाला घेतलंस?"

"खरं तेच बोलले ना?"

"पोरीजातीला असं चारचौघांत बोलायचं नाय. तिच्या घरी आई असल." आणि आत जाऊन पडली.

गारखेड्यातल्या साऱ्या गल्लीत माझ्या भाषणाचा व्हिडिओ फिरतोय. शेजारची तनुजा सांगत होती, "मॅडम, क्या बोले तुम! एकदम आग!" आणि घरात मात्र ही थंडी.

१२ डिसेंबर

वाहिनीचं पत्र. "वर्णनाच्या अचूकतेबाबत जाहीर आक्षेप घेण्यात आल्यामुळे सदर प्रयोग तात्काळ थांबविण्यात येत आहे." खाली एक ओळ — आपल्याच सूचना शिरोधार्य मानल्या आहेत.

लबाड! यांना निमित्तच पाहिजे होतं. सुधारा म्हटलं तर गुंडाळलं!

दुपारी कडूबाभाऊंचा फोन. मला वाटलं, पुन्हा कचेरीत बसायची तारीख विचारतील.

"ताई, बंद पाडलं तुम्ही."

"मी? त्यांनी पाडलं!"

"तुम्हीच म्हणलात, देऊच नका. दिलं नाय त्यांनी. ताई, तुमच्याकडं आई हाय. तुम्हाला जांभळी का हिरवी त्याचा वाद घालता येतो. म्या खोलीत एकटा. काटा बंद करून चारला घरी यायचो. एवढा अर्धा तास मला कुणीतरी काहीतरी सांगत व्हतं. चुकीचं तर चुकीचं."

मी म्हटलं, कडूबाभाऊ, कमी मागायची हीच सवय आपल्याला नडते. त्यांनी फोन ठेवला. मला अजून बोलायचं होतं.

१३ डिसेंबर

चार वाजले. टीव्ही लावला. गाण्यांचा कार्यक्रम. आईही येऊन बसली होती.

२३ डिसेंबर

ठिपके वाकडे पडतायत.

आज सातला सासू ओरडली. डब्याचं झाकण वाजलं, मग तिचा आवाज — अगदी स्वच्छ — "तांदळाच्या डब्यात पत्र? कुणी लपवलं हे?"

कुणी सांगावं लागलं नाही. संवादातच होतं.

आईकडे वळले. "आई, पत्र तर चुलीत गेलं होतं ना?"

"...दुसरं असल."

दुसरं असेल. असू शकतं. मालिकावाले काहीही करतात.

पण तेव्हापासूनच्या महिनाभराच्या भागांत दुसरं पत्र आलेलं नाही. मी एकही चुकवलेला नाही.

२४ डिसेंबर

दिवसभर मनाशी भांडते आहे. वय झालं, नजर चुकते कधी. एकदा चुकली असेल. घरात तर ती सरळ चालते. कुठे धडकत नाही, चहा उतू जात नाही, दाराची कडी पहिल्या झटक्यात लागते. मग?

धम्मपालला फोन केला, रविवारी ये म्हटलं. का ते सांगितलं नाही. त्याला म्हटलं, येताना मोबाइलवर तो दहा नोव्हेंबरचा भाग बघ. साडी कुठली ते बघ.

आता त्याच्यावरही राग येतोय. आणि अजून त्यानं काही सांगितलेलंही नाही.

२८ डिसेंबर

धम्मपाल आला. चपला काढता काढताच म्हणाला, "ताई, हिरवी." मग आईसमोर जाऊन बसला. "आई, सांग बरं, माझी बोटं किती?"

"तीन," आई लगेच म्हणाली. "पोराठोरांवानी काय विचारायलास?"

मी सुटले! "झालं समाधान?" म्हटलं.

धम्मपाल म्हणाला, "ताई, म्या हात वर केलाच नाय."

आईनं आधी त्याला एक शिवी हासडली. मग सांगून टाकलं. "दोन वर्सं झाली. कडंला दिसतं, मधोमध नुसता धुरळा. आवाजावरनं सांगत व्हते गं तुला."

मग तीच म्हणाली, "चारचं ते... खरंच कायमचं बंद केलं का गं त्यांनी?"