बसऱ्याचा आंबा

बसरा, लढाईचं तिसरं वर्ष

आये,

तुझ्या जिव्याचा दंडवत. साखरशेतचा पाटील तुला वाचून दाखवील ते पत्र वेगळं. त्यात आम्ही दोघं भाऊ खुशाल आहोत. हे मी धाडणार नाही.

जव्हारहून गोऱ्यांच्या फौजेचे मजूर म्हणून निघालो आणि इथं बोटीतून उतरलो, त्याच आठवड्यात बाजारात एक म्हातारा "अंबा! अंबा!" असं ओरडत होता. सोम्या हसून लोळायचा बाकी राहिला. "दादा, आपला आंबा इथं कोणी आणला?" कैरीचं पिवळंजर्द तिखट लोणचं होतं ते. गरम रोटीत घालून देतात. सोम्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी म्हणाला, "आयेच्या मिरचीपुढं काहीच नाही." मग दर सुट्टीला आम्ही तिथंच.

उन्हाळ्यात छावणीत पटकी आली. सोम्याला आम्ही खजुराच्या झाडाखाली पुरलं. त्यानंतर त्या गल्लीत मी पाऊल टाकलं नव्हतं.

आज गेलो. म्हाताऱ्यानं न विचारता दोन रोट्या भरल्या. मी एक बोट दाखवलं. तो माझ्या खांद्यामागं बघून ओळखीचं हसला आणि दुसरी रोटी माझ्या मागं धरली. जरा वेळानं त्याचा हात रिकामा परत आला.

मागं दुसराच कोणी उभा असेल, या भीतीनं मी वळून बघितलं नाही.

तुझा थोरला,
जिव्या