शेवाळाची उपासमार

३ मार्च, सकाळी ६
गच्चीवर शेवाळाच्या तीन काचेच्या टाक्या. पाणी हिरवंगार. शेवाळातून तेल, तेलावर वर्कशॉपचा जनरेटर. चाळीस वर्षं पंप दुरुस्त केले, आता इंधनही घरचं. बायकोने गच्ची एकतीस तारखेपर्यंत दिलीय. जनरेटर धडधडला तर गच्ची कायमची माझी, नाहीतर टाक्या भंगारात. बिचारीला हरायची भारी हौस.

९ मार्च
लेकीचा फोन. ती लॅबमध्ये असते. म्हणाली, बाबा, नुसतं वाढून उपयोग नाही, आता युरिया बंद करा. खायला मिळेनासं झालं की शेवाळ घाबरून पोटात तेल साठवतं. चिमूटभरसुद्धा घालायचा नाही. जमेल ना, असं दोनदा विचारलं. मला! तीस कामगार हाताखाली वागवलेल्या माणसाला!

१० मार्च
युरिया बंद. एकदम कडक.

१२ मार्च
टाक्या पिवळट. उत्तम लक्षण. पण बघवत नाही. लहानपणी उपाशी झोपलेल्याला हा रंग ओळखू येतो. मधल्या टाकीत अर्धा चमचा घातला. तुलनेला एक टाकी लागतेच. सायन्समध्ये याला कंट्रोल म्हणतात.

१३ मार्च
मधली तरारली. बाकीच्या दोघी बघत होत्या. घरात दुजाभाव नको. त्यांनाही अर्धा अर्धा.

१७ मार्च
बायको म्हणाली, युरियाचा डबा हलका कसा झाला? म्हटलं, दमट हवेत विरघळतो. म्हणाली, अगदी तुमच्यासारखा. कौतुकच असावं.

२० मार्च
आता हयगय नाही. डब्याला कुलूप, किल्ली बायकोकडे.

२१ मार्च
दुसरा डबा आणला. कुलूप तोडणं बरं दिसत नाही.

२८ मार्च
लेक आली. मी पाठवलेला शेवाळाचा नमुना लॅबमध्ये तपासून आणलाय. तेल नावापुरतं. म्हणाली, यांना कोणीतरी खायला घालतंय. मी बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे. लेक म्हणाली, मी रुसून न जेवता झोपायचे, तेव्हा उशाशी बिस्किटं कोण ठेवायचं? म्हटलं, उंदीर.

३१ मार्च, संध्याकाळी
सगळं मिळून तेल चमचाभर. जनरेटर साधा खोकलासुद्धा नाही. टाक्या रिकाम्या केल्या. दहा बादल्या निघाल्या. दाट, टवटवीत, खात्यापित्या घरचं शेवाळ. भंगारवाल्याने विचारलं, काका, यातून काय काढायचात?
म्हटलं, काही नाही. पाळलं होतं.