माय माझ्या हातचं घेत नाही

बुध. २८ फेब्रु. २००१

राखेचा बुधवार. संध्याकाळी चर्च भरलेलं. नवं राज्य होऊन आमचं शहर राजधानी झाल्यापासून भोपाळहून बदलून आलेल्या लोकांची भर. बाकावर जागा नव्हती, मागं उभा राहिलो. पास्टर म्हणाले, ईस्टरपर्यंत हर कोई अपनी एक प्यारी चीज़ छोड़े. मी तंबाखूचा खर्रा सोडला. वर दुपारचं जेवणही सोडलं.

शुभ शुक्रवारी सात जण क्रूसावरच्या सात वचनांवर बोलतात. यंदा पहिलं मले दिलं. क्षमेचं. छाती फुगली, खोटं काय लिहू.

घरी सांगितलं तर मंगला म्हणे, "खर्रा सोडला, चांगलं केलं. जेवण काहून सोडता? मालधक्क्यावर चक्कर येऊन पडसान." तिचा देव्हारा स्वयंपाकघरात, माझा क्रूस समोरच्या खोलीत. मी बाप्तिस्मा घेतल्याले सहा वर्षं झाली, नवराबायकोचं चालून राहिलं तसंच.

शुक्र. २ मार्च

वर्ध्याहून दादाचा फोन. मायचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं ते माहीतच होतं. पाहायला गेलो होतो तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आता वहिनीचंच ऑपरेशन निघालं. दादा म्हणाला, "वहिनी उभी होईस्तोवर ठेवून घे. दुसरं कोण आहे?"

लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर अंगावर काटा आला. खर्रा काय, कोणीही सोडते. हे खरं मागणं आलं.

मंगलाले नंतर सांगितलं. कणीक मळत होती. मळतच राहिली. मग म्हणे, "मले विचाराचं तरी होतं."

विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती का? नसती म्हणाली. मग काय बिघडलं? बिघडलं काहीतरी. समजत नाही.

बुध. ७ मार्च

दादा मायले घेऊन आला. स्टेशनवर खुर्चीत बसवून उतरवली. केवढीशी झाली आहे. गुढियारीच्या पुलाखालून रिक्षा घरी येईपर्यंत कण्हत होती, पण माझा हात धरला नाही. दादाचाच धरला.

घरी पाणी दिलं. पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "मंगलाले पाठव." मंगलानं तोच गिलास उचलला अन् दिला. प्यायली.

बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी म्हणाली होती, तुह्या हातचं पाणी मले चालणार नाही. तेव्हा वाटलं, रागानं बोलली. राग असा टिकतो?

दादा संध्याकाळच्या गाडीनं परत.

शनि. १० मार्च

होळीचा रंग. पाऱ्यातले, मोहल्ल्यातले सगळे येऊन गेले. शेजारचे वर्मा भैया मायच्या पायाले गुलाल लावून गेले, तिनं डोक्यावर हात ठेवला. परक्या माणसाच्या. मी दाराशी उभा.

हेवा वाटला. लेंटमध्ये, उपासाच्या दिवसांत, हेवा. लिहून ठेवतो.

गुरु. १५ मार्च

प्रार्थना-सभा चौबे कॉलोनीत. सगळे आपापल्या त्यागाबद्दल बोलले. एकानं टीव्ही सोडला, एकीनं गोड. मी म्हटलं, आईची सेवा करून राहिलो. सगळे "आमीन" म्हणाले. गोड वाटलं.

घरी आलो तर मंगला मायले कमोडच्या खुर्चीवरून उचलून पलंगावर घेत होती. एकटीच. आमची पोरगी रश्मी क्लासले. मी धावलो तर माय ओरडली, "त्याले हात लावू देऊ नको!" मी थांबलो. मंगला वाकलेली तशीच, माझ्याकडे पाहून म्हणे, "उपास तुमचा, अन् कंबर माझी मोडून राहिली."

रागानं नाही म्हणाली. साधं म्हणाली. म्हणून जास्त लागलं.

मी सभेत काय बोललो ते...

रवि. १८ मार्च

पास्टरले विचारलं. म्हणाले, "यही आपका क्रूस है, मधुकर भाई. उठाइए." म्हटलं, उचलून राहिली बायको, अन् ती तर ख्रिस्ती विश्वासातही नाही. ते म्हणाले, "उनको भी ले आइए संडे को."

मंगला रविवारी इकडे आली तर मायजवळ कोण बसेल? हे त्यांच्या ध्यानात नाही आलं. की मीच नीट सांगितलं नाही.

बुध. २१ मार्च

ठरवलं. उपास बंद, गुरुवारची सभा बंद. खर्रा सुटलेलाच राहू दे. पहाटे उठून पाणी भरणं, मायच्या चादरी, दुपटी धुणं, पोळ्या, सगळं मी. माय हात लावू देत नाही तर जिथं हात दिसत नाही तिथलं करीन.

दोरीवर चादरी टाकताना शेजारच्या बाया पाहत होत्या. कान गरम झाले. पास्टरसमोर नम्र होणं सोपं आहे.

पहिल्या पोळ्या वातड. मंगला खूप दिवसांनी हसली.

शनि. २४ मार्च

मायनं विचारलं, "पोई कोणी केली?" मंगला पटकन म्हणे, "मीच. घाईत झाल्या." माय खाऊन राहिली.

मी स्वयंपाकघरात ऐकत होतो. बरं वाटलं अन् वाईट वाटलं, दोन्ही. तिनं ठरवलं आहे माझ्या हातचं खायचं नाही. तिच्या श्रद्धेची गोष्ट आहे. मी तिले फसवून खाऊ घालतो, अन् हे कोणत्या नावानं? सेवेच्या?

मंगलाले म्हटलं, सांगून टाकू. ती म्हणे, "सांगा. मग पोळ्या मी करते, पाणी मी भरते, अन् तुमचं मन साफ राहते."

नाही सांगितलं.

रवि. १ एप्रिल

सगळं फुटलं. माय रश्मीले म्हणाली, तुह्या आईच्या पोया आजकाल बऱ्या होऊन राहिल्या. पोट्टी कौतुकानं बोलून गेली, "दादी, रोटी तो पापा बनाते हैं. रोज़."

मायनं ताट सरकवलं. 

संध्याकाळी मंगलानं स्वतः तिच्यासमोर बसून स्टोव्हवर खिचडी टाकली. तीही नको. तोंड भिंतीकडे.

मंगला मले म्हणे, "आता?" आता काय ते मले माहीत असतं तर.

मंगळ. ३ एप्रिल

आजही नाही. नुसतं पाणी, मंगलाच्या हातून. कामावर गेलो नाही. दुपारी पलंगाजवळ खाली बसलो. म्हटलं, "माय, चुकलं माझं. तुले न सांगता खाऊ घातलं. पण आता मंगलाच्या हातचं खाय."

 मग भिंतीकडेच तोंड ठेवून, "तू उपास करत होता म्हणे?"

"हव."

"कोणासाठी?"

देवासाठी म्हणणार होतो. पण ते तिच्यासमोर तोंडातून निघेना. म्हटलं, "माहीत नाही."

"मी सांगते माह्यावालं. तू तिकडे गेला तवापासून मी सोमवार धरते. पोरगं परत येऊ दे म्हणून. दादाले नाही माहीत. कायले धरते ते कोणालेच नाही माहीत."

  सहा वर्षांचे सोमवार. मी दुपारचं जेवण सोडून सभेत सांगत होतो.

मग तिनं विचारलं, "काय कमी पडलं होतं रे आमच्यात?"

खरं सांगितलं. दवाखान्यात पडलो होतो छातीच्या दुखण्यानं, वाचतो की नाही असा. एक बाई रोज येऊन जवळ बसायची. काही मागायची नाही. तिले विचारलं कायले येता, तर तिनं प्रभूचं नाव सांगितलं. बस इतकंच. माय म्हणे, "मी नव्हती का बसत?"

बसत होती. तीही बसत होती. रोज यायची डबा घेऊन. हे मी इतक्या वर्षांत एकदाही...

संध्याकाळी मंगलाच्या हातून दूधभात खाल्ला.

गुरु. ५ एप्रिल

क्षमेवर बोलायचं लिहायले बसलो. एक ओळही नाही. कोणी कोणाले क्षमा करायची? मायनं मले, बाटलो म्हणून? मी मायले? मंगलानं आम्हा दोघांले? आधी सगळं सरळ दिसत होतं. एक जण वर, बाकीचे खाली, वरचा क्षमा करतो. इथं तर कोण कुठं उभं आहे तेच समजत नाही.

अन् माय ज्या देवाले सोमवार मागते, तिची मागणी पुरी व्हावी असं मी म्हणू शकत नाही. पुरी होऊ नये असंही म्हणवत नाही.

सोम. ९ एप्रिल

काल खजूर इतवार, ईस्टरच्या आधीचा रविवार. झावळ्या घेऊन मिरवणूक, मी मागं मागं.

आज कामावरून आलो तर मंगलाची बॅग दाराशी. गोंदियाले माहेरी चालली. तिची आई बोलावून राहिली किती दिवसांची. म्हटलं, या आठवड्यात? शुक्रवारी माझं बोलणं आहे. ती म्हणे, "तुमी मले विचारून मायले आणलं नव्हतं. मी सांगून तरी जाऊन राहिली."

मायच्या पाया पडली. माय म्हणे, "जाय बाई. पाठ टेक थोडी." मायले कळतं सगळं.

रश्मी स्टेशनवर सोडून आली. घर एकदम मोठं वाटते.

बुध. ११ एप्रिल

व्यवस्था अशी : शिजवतो मी. ताट नेते रश्मी. पहिल्या दिवशी माय ताटाकडे पाहत राहिली. मी दाराआड. मग रश्मीले म्हणाली, "शिजवलं कोणी ते मी विचारत नाही. वाढलं तू." अन् जेवली.

उचलायचं मात्र रश्मीच्यानं होत नाही. वर्मा भाभी सकाळ-संध्याकाळ येते मदतीले. देव तिचं भलं करो.

शुभ शुक्रवार, १३ एप्रिल

पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला होता. चर्च बाराले. पहिलं बोलणं माझं, ते झालं की निघून यायचं असं ठरवलेलं. कागदावर चारच ओळी होत्या.

निघायच्या जरा आधी रश्मी घाबरून आली. "पापा, दादी का पेट बिगड़ गया." सगळा पलंग खराब. वर्मा भाभीच्या दाराले कुलूप. माय लाजेनं पदर तोंडावर ओढत होती. रश्मीनं उचलायचा प्रयत्न केला, दोघी पडल्या असत्या.

मी आत गेलो. विचारलं नाही. म्हटलं, "माय, उचलतो." तिनं डोळे मिटून घेतले. घट्ट. लहान पोट्टं इंजेक्शनच्या वेळी मिटते तसे. उचललं. काहीच वजन नाही. धुतलं, पुसलं, लुगडं बदललं. पूर्ण वेळ डोळे मिटलेले. एकदाच बोलली, "पाणी गार आहे." मी गरम आणलं.

चर्चमधून पोरगा बोलवायले आला होता. रश्मीनं सांगितलं, नहीं आ पाएँगे.

पलंगावर टेकवल्यावर डोळे न उघडताच म्हणाली, "जाय ना. तुमचा मोठा दिवस ना आज."

नाही गेलो. तिथंच बसलो. तिनं मले जवळ येऊ दिलं की डोळे मिटून मले नाहीसं केलं, सांगता येत नाही. विचारू कसं? विचारलं तर जे झालं तेही जाईल.

ईस्टर, १५ एप्रिल

पहाटे चर्चच्या कब्रस्तानात मेणबत्त्या. सगळे एकमेकांले मिठी मारत होते. मीही मारली. आनंद आला का? थोडा. उजाडताना तेलीबांध्याकडचं आभाळ लाल झालं तेव्हा. मग लगेच घरची आठवण, माय उठली असेल.

पास्टर म्हणाले, "आपकी जगह दूसरे भाई बोले, बढ़िया बोले." मग हळूच, "कोई बात नहीं." त्यांच्या डोळ्यांत निराशा होती की नव्हती?

मायले केक दिला, दुकानातला. रश्मीच्या हातून. खाल्ला. म्हणे, "मऊ आहे."

मंगळ. १७ एप्रिल

सकाळी गोंदियाले फोन. मंगलाचा आवाज मोकळा, बरी झोप झाल्यासारखा. कधी येतेस विचारलं. आधी रश्मीचं विचारलं. मग, "माय वर्ध्याले गेल्या की सांगा. मग येते. खोटं नाही बोलत तुमच्याशी, आत्ता माझ्यानं होत नाही." तिच्यावर रागावता येत नाही. रागावायचा हक्कच वाटत नाही.

दुपारी दादाचा फोन. वहिनी फिरू लागली. रविवारी येऊन मायले घेऊन जातो म्हणाला. मी मायले सांगितलं, दादा येऊन राहिला. तिनं मान हलवली. मग छताकडे पाहत म्हणाली, "इथं पोट्टी पेपर वाचून दाखवते. तिथं दिवसभर कोणी बोलत नाही."

राहते म्हणाली नाही. जाते म्हणाली नाही.

मंगलाले हे सांगायचं का? सांगितलं तर तिच्यावर ओझं. नाही सांगितलं अन् मायले पाठवून दिलं, तर कोणाले काहीच कळणार नाही. सगळे म्हणतील बरं झालं. मी काय सोडायचं आहे ते कोणी नाव घेऊन सांगत नाही. यातलं काहीही धरलं तरी दुसरं कोणीतरी सोडते, मी नाही.

आत्ता दादाचा परत फोन आला. तिकीट काढायचं आहे म्हणे, परतीचं मायसकट दोघांचं काढू ना, पक्कं? मी म्हटलं, "थांब एक मिनिट."

आतून माय विचारून राहिली, "कोणाचा फोन आहे रे, मध्या?" सहा वर्षांनी मध्या म्हणाली.

दादा तिकडे थांबला आहे. रिसीव्हर टेबलावर तसाच ठेवून हे लिहितो आहे.