पहिलं माप कणसरीचं

प्रिय आई,

तू कशी आहेस? तिकडे वर तरी डोळ्यांनी नीट दिसतं का? आबांचा खोकला थांबला का, की अजून पहाटे सगळ्यांना उठवतात? काशीआत्याचे गुडघे कसे आहेत? आणि आपला ढवळ्या? त्याला माझी आठवण सांग. नाकातली वेसण आता कुणी काढली असेलच.

इकडे तुझा लेक ठीक आहे, पण कंबर गेली. भिवंडीला गोदामात ओझी उचलायला जायचा, ते बंद झालं. आता अंगणात बसून बांबूच्या टोपल्या विणतो आणि माझ्या चुका काढतो. तुझी नात नाशकाला सुखात आहे, दर रविवारी वाण्याच्या दुकानातल्या फोनवर बोलते. आणि मी? माझीच छाती जरा कुरकुरते. त्याचंच तर सांगायला बसले.

आश्रमशाळेतला स्वयंपाक मी सोडला. एवढी वर्षं चुलीचा धूर छातीत गेला, डॉक्टरांनी चक्क दरडावलं, "बाई, चूल सोडा, नाहीतर श्वास सोडाल." आता काय करायचं? पण शाळेत शिधा किती आला, किती शिजला, हे मीच लिहून ठेवायची ना? त्यावरच मोठ्या गुरुजींनी माझं नाव सुचवलं, आणि जव्हारला धान्याचं नवं गोदाम सुरू झालंय तिथं मला हिशोबाला घेतलं. तुझी सून, हिशोबनीस! हसलीस ना? हस.

तू तेव्हाही हसायचीस. दिवेलागणीला मी पोरीचं पुस्तक घेऊन अक्षरं गिरवत बसले की म्हणायचीस, "म्हातारपणी कलेक्टर होतेस का गो?" मला राग यायचा. पण कंदिलाची काच राखेनं घासून, लख्ख करून माझ्यापुढं कोण ठेवायचं? तूच की! तोंडानं एक आणि हातानं दुसरं, हा तुझा जुना स्वभाव.

पोरीचं कॉलेजचं हिशोबाचं पुस्तक घरात पडलं होतं, तेच महिनाभर वाचलं. आवक, जावक, शिल्लक. अवघड काही नाही गं. आलं ते लिहायचं, गेलं ते लिहायचं, उरलं ते खोलीत दिसलं पाहिजे. आपण कणगीपाशी दुसरं काय करायचो? अडले ते भलतीकडेच.

मागच्या आठवड्यात मला शिकाऊ म्हणून बोलावलं होतं. सूर्यमाळेकडून नागलीचा टेम्पो आला. हरी हमाल एकेक पोतं उतरवत होता, मी दारात उभी राहून मोजत होते, वहीत रेघा ओढत होते. शेवटी गोदामाचे साहेब म्हणाले, "मावशी, कागदावर तीस पोती आहेत. तुमच्याकडे एकोणतीस कशी?"

हे साहेब साताऱ्याकडचे, वयानं आपल्या पोरीएवढे, पण बोलणं गोड. मी म्हटलं, पुन्हा मोजते. थप्पीवर हात लावत मोठ्यानं मोजलं. पुन्हा एकोणतीस! साहेबांनी मोजलं, तीस. एवढं मोठं पोतं काय उंदरानं नेलं?

तिसऱ्यांदा मोजायला लागले तसा हरी कमरेवर हात ठेवून ओरडला, "ओ मावशी, तुम्ही पयल्या पोत्याला गपच बसता! हात लावता आणि दुसऱ्यापासून एक म्हणता!"

आणि मग लागला हसायला. "कणसरीला काढलं काय? आमची आजी पण खळ्यावर असंच करायची!"

आई, आता सांग, हे कुणाचं काम? मी नवी नवरी होऊन आले, तेव्हा पहिल्याच सुगीला खळ्यावर माझ्या हातात पायली देऊन तू बजावलं होतंस, "पहिलं माप कणसरीचं. ते सुपात वेगळं ओतायचं आणि मोजायचं नाही. तोंडातून आकडा काढायचा नाही. धान्याची देवी आधी जेवली पाहिजे, मग माणसं." तेव्हापासून एकही सुगी मी चुकवली नाही. तीस वर्षांची सवय ती, जिभेला सांगून थोडीच जाते? तू मोजायला शिकवलंस, पण कुठं मोजायचं आणि कुठं गप्प राहायचं, हे सांगायचं राहून गेलं की!

साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मावशी, देवीची पावती फाडता येत नाही हो. दर टेम्पोला एक पोतं कमी लागलं तर लोक तुम्हाला चोर म्हणतील आणि मला मूर्ख. सोमवारी मोठा माल येतोय. बरोबर लागला तर कायम करतो. नाही लागला तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

त्यांचं काही चुकलं का? मला नाही वाटत. पण चुलीकडे परत जाता येत नाही, तुझ्या लेकाला ओझं उचलता येत नाही. हे काम गेलं तर काय, हे मी त्याला अजून विचारलं नाही. त्यानंही मला विचारलं नाही.

म्हणून आठवडाभर तयारी चाललीय. सकाळी खुराड्यातून कोंबड्या सोडताना मोजते. पहिली बाहेर पडली की जीभ टाळूला चिकटते. तोवर दुसरी, तिसरी पळून जातात. तुझा लेक म्हणतो, "पहिली कोंबडी देवीची झाली, आता तिला कापायची पण सोय राहिली नाही!" भाकरी मोजल्या, टोपल्या मोजल्या. आता चारदा जमतं, पाचव्यांदा अडतं.

अडतं, कारण भीती वाटते. पहिल्या पोत्याला 'एक' म्हटलं तर कणसरी रुसेल का? त्याहून, तू रुसशील का?

काल नागली निवडताना ते वर्ष आठवलं. खळ्यावर जेमतेम धान्य होतं, तरी तू पहिलं माप बाजूला काढलंस. मी पुटपुटले, "आपल्यालाच पुरत नाही, देवीला कुठलं?" तू सूप उचलून आत नेऊन ठेवलंस. आषाढात शेजारच्या सोमीच्या घरी चूल पेटेना, तेव्हा तेच सूप तू पदराखाली झाकून घेऊन गेलीस. देवीचं म्हणून ठेवलेलं, ते तिच्या पोरांच्या पेजेत गेलं. परत आल्यावर म्हणालीस, "आपलं होतं म्हणून देता आलं गो."

आपलं होतं म्हणून! आई, हे आठवलं आणि निवडता निवडता हात थांबला. गोदामातलं धान्य माझं कुठं आहे? कुणी डोक्यावर वाहून आणलेलं, कुणी बाजारात न विकता इथं आणून घातलेलं. लोकांच्या पोत्यातून माझ्या देवीला कसं काढू? तिथं मुकाट्यानं सोडलेलं एक पोतं म्हणजे दान नाही, कुणाच्या तरी घरातलं कमी केलेलं धान्य. तूही ते केलं नसतंस.

तेव्हा तुला शब्द देते. गोदामात पहिलं पोतं 'एक' म्हणूनच लिहीन, मोठ्यानं म्हणेन. आणि आपल्या खळ्यावर, आपली नागली कितीही थोडी येवो, पहिलं माप न मोजता सुपात पडेल. मी आहे तोवर पडेल, माझ्यामागं तुझी नात टाकेल. तिला कुठं बोलायचं आणि कुठं गप्प राहायचं, दोन्ही सांगून ठेवीन.

पत्राचं उत्तर लवकर दे. स्वप्नात नको येऊस, सकाळी माझ्या लक्षात राहत नाही. सोमवारी टेम्पोचं फळकूट खाली पडेल, हरी पहिलं पोतं पाठीवर घेईल, आणि मी अडले, तर मागून खांद्याला नुसता हात लाव. "बोल गो," एवढंच म्हण.

पुढचं मी म्हणते.

तुझी सून,
पार्वती