शुक्रवारचा फॉर्म

देवळी,
२१ मे २००४

चि. समीक्षास दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे बरे. ऊन जीव नको करतंय, त्यात दुपारी चार-चार तास लाइट नसते. आईचे गुडघे आहेत तसेच. गुंजनचं प्लास्टर निघालं. बोट जरा वाकडं राहिलं, पण पेन्सिल धरते.

तू लिहिलंस की तो हात आता आणखी बारा जणांना बसवणार, आणि माझे फॉर्म वाचून तुझे साहेब खूश आहेत. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. दोन दिवस लिहायला बसतो आणि उठतो. थकलो गं.

सिंदीच्या कापसाच्या जिनिंगात, यंत्रात सापडून माझा हात गेला तेव्हा तू बारावीत होतीस. पुढे इंजिनिअर झालीस, स्नायूंच्या इशाऱ्यावर उघडमीट करणारा विजेचा हात बनवलास आणि पहिला मलाच दिलास. गावभर मिरवलो. दिवाळीपासून दर शुक्रवारी तुझा फॉर्म भरला. रोज किती तास वापरला? आठ. काही अडचण? नाही.

आठ तास मी तो कधीच घातला नाही. थंडीत दोन-तीन तास घालायचो. उन्हाळा लागला तशा घामाने आतल्या पट्ट्या ओल्या व्हायला लागल्या आणि हात आपल्याच मनाने मिटायला लागला. मग तो कपाटात. पाहुणे आले की बाहेर. आई म्हणायची, "पोरीनं केला हाय, घालत जाजो बापा." मलाही वाटायचं, खरं लिहिलं तर तुझी पीएच.डी. अडकेल.

गुंजनचं बोट दारात सापडलं नव्हतं.

अक्षय तृतीयेला रोहण्याला जेवायला निघालो होतो. चारचौघांत जायचं म्हणून हात घातला. बसस्टँडवर गुंजनने हौसेने तोच धरला. भर उन्हात तो मिटला तो उघडेचना. "बाबा, सोडा ना, दुखून राह्यलं!" पोर ओरडत होती आणि मला सोडता येत नव्हतं. तुझ्या वहिनीने बॅटरी उपटली, तरी तसाच घट्ट. शेवटी सायकल दुरुस्तीवाल्याने पान्याने उघडला. दाराचं तुला फोनवर गुंजननेच सांगितलं, मला लाज वाटू नये म्हणून. नऊ वर्षांची आहे ती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी फॉर्म भरला. कोणास इजा? नाही.

समीक्षा, त्या बारा जणांच्या घरीही लेकरं असतील. माझ्यावर रागाव, बोलू नकोस, पण ते बसवणं थांबव. साहेबांना हे पत्र दाखव. खोटं मी लिहिलं, तू नाही. घामावर काही इलाज सापडला तर पहिल्यांदा मलाच बोलाव, मी येईन. फक्त त्या वेळी गुंजनला आणणार नाही.

आजचा फॉर्म इथेच लिहितो.
रोज किती तास वापरला? शून्य.
कोणास इजा? होय. गुंजन चंद्रभान, वय नऊ.

खरं लिहायला महिना लावणारा,
तुझा दादा