शेनग्येर्ग आमच्या गावात सहा मे रोजी असतो, याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
युद्धकाळातील अत्याचारपीडित महिला दर्जा पडताळणी मंडळ,
कोसोवो.

विषय : दिवंगत मिहाने लोशी यांच्या कागदातील एक तारीख दुरुस्त करून "कथन विश्वासार्ह नाही" हा शेरा काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. ९ फेब्रुवारी २०२४. तसेच माझे दोन अर्ज, दोन्ही परत आलेले.

महोदय,

१. दि. ४ मार्च रोजी पोस्टमनने आमच्या दारात माझी पत्नी मिहाने हिच्या नावाचे पत्र आणले. मिहाने २१ जानेवारीला इस्पितळात वारली होती. पाकिटावर आपल्या मंडळाचे पूर्ण नाव ठळक अक्षरांत छापलेले होते. पोस्टमनने ते पालथे करून माझ्या हातात दिले आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मिहानेने मंडळाकडे अर्ज केला होता हे मला त्या दिवशी कळले. दोन वर्षे ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते असे सांगून शहरात जात असे.

२. १९९९ च्या मे महिन्यात सैनिकांनी तिच्यासोबत काय केले, हे मला माहीत होते. त्या वेळी मी गावातल्या पुरुषांबरोबर डोंगरात होतो. माझ्या आईने २००६ साली मरताना मला सांगितले आणि "तुला माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस" अशी शपथ घातली. मी ती पाळली. मिहानेही माझ्याशी त्याबद्दल कधी बोलली नाही. अशी आम्ही जवळजवळ अठरा वर्षे काढली. जे ती मला सांगू शकली नाही, ते तिने आपल्या अधिकाऱ्यासमोर बसून सांगितले. त्यावर आपण "कथन विश्वासार्ह नाही" असे लिहिले. ते पत्र तिच्या हयातीत आले नाही, एवढे एक बरे झाले.

३. आपण दिलेले कारण असे. मिहानेने जबानीत दिवस सणावरून सांगितला, "शेनग्येर्गनंतर दोन दिवसांनी. दाराला लावलेल्या वाळुंजाच्या फांद्या अजून हिरव्या होत्या." जबानी घेणाऱ्याने तिच्या शब्दांपुढे कंसात २५ एप्रिल असे लिहिले. मंडळाच्या नोंदीप्रमाणे सैन्याची तुकडी आमच्या गावात २ मे ते १२ मे या काळात होती. २५ एप्रिलला गावात सैनिक नव्हते, तेव्हा मिहाने खरे सांगत नाही, असा आपण निर्णय दिला.

महोदय, २३ एप्रिलचा शेनग्येर्ग कॅथलिक लोकांचा. आमचे गाव मुसलमानांचे आहे. आमच्याकडे हा सण जुन्या गणतीप्रमाणे ६ मे रोजी असतो. माझ्या आजोबांच्या वेळीही तो त्याच दिवशी असे. त्यात दोन दिवस मिळवले की ८ मे होते. तिचे वाक्य बरोबर आहे, कंस चुकीचा आहे. आणि कंस तिने लिहिलेला नाही.

४. हे सर्व मी पहिल्या अर्जात लिहिले होते. "अर्जदाराची सही नाही" असा शिक्का मारून तो परत आला. दुसरा अर्ज मी स्वतः घेऊन आलो. खिडकीवरच्या मुलीशी झालेले बोलणे जसेच्या तसे देतो.

"काका, अपील अर्जदारानेच करायचं असतं. स्वतः येऊन."

"ती वारली, पोरी. मृत्यूचा दाखला तुझ्या हातातच आहे."

"हो, दिसतोय. पण दर्जा वैयक्तिक असतो. वारसाला अपील करता येत नाही."

"मग कोणाला करता येतं?"

"अर्जदाराला."

मुलगी वाईट नव्हती. तिने मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी दिले. अर्ज परत करताना म्हणाली, "तारखेबद्दल सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणलात, तर साहेबांपुढे ठेवून बघते."

५. त्याप्रमाणे मी नगरपालिकेत गेलो. कारकून म्हणाले, "आम्ही सणांची नोंद ठेवत नाही. जन्म, लग्न, मृत्यू. यातलं काय हवंय?"

मी आमच्या मशिदीच्या इमामांकडे गेलो. ते म्हणाले, "झेनून, हा आपल्या धर्मातला सणच नाही. पहाटे ओढ्यावर जाऊन तुम्ही फुलं घातलेल्या पाण्यानं तोंडं धुता, दाराला फांद्या लावता, ते मी बघून न बघितल्यासारखं करतो. आता त्यावर शिक्का पण मारू का?"

शहरातले कॅथलिक पाद्री मात्र दाखला द्यायला लगेच तयार झाले. कागदसुद्धा काढला. म्हणाले, "शिक्क्यासकट देतो. पण माझा शेनग्येर्ग तेवीस एप्रिललाच." तो दाखला मी घेतला नाही.

६. शेवटी "आमच्या गावात शेनग्येर्ग ६ मे रोजी असतो" एवढे एक वाक्य कागदावर लिहून मी गावात घरोघर फिरलो. कशासाठी असे विचारले की शाळेला माहिती हवी आहे म्हणून सांगितले. हे खोटे होते. खरे सांगणे शक्य नव्हते. शेजारचा रमदान म्हणाला, "काय रे, एकटा पडलास म्हणून आता कॅलेंडर छापायला काढलंस? छापतोच आहेस तर माझी गाय कधी विणार तेही टाक." पण सही केली. एकंदर अडतीस सह्या झाल्या.

त्यांतल्या एका बाईने सही केली, पण पेन परत देईना. ती कोण, हे कृपया विचारू नये. घरात दुसरे कोणी नव्हते. ती म्हणाली, "भाऊ, तुझ्या त्या शाळेनं मला पण पंचवीस एप्रिलच लिहून पाठवलंय. तुझं मान्य झालं तर मला सांग." मी हो म्हटले. आणखी काही विचारले नाही.

७. तरी विनंती आहे की मिहानेच्या कागदावरील शेरा काढून टाकावा व तारीख ८ मे अशी करावी. या दर्जाबरोबर तिला मिळायचा असलेला मासिक भत्ता मला नको. ज्या ज्या जबानीत शेनग्येर्ग हा शब्द आला असेल ती पुन्हा उघडून, त्या बाईचे गाव कोणते आणि तिथे हा सण कधी असतो हे विचारावे. अशा बायका किती आहेत हे मला माहीत नाही, आपल्याला मोजता येईल. जबानी घेणाऱ्यांनी बाईच्या शब्दापुढे स्वतःचा कंस घालू नये. मंडळाची पत्रे कोऱ्या पाकिटातून पाठवावीत.

मृत अर्जदाराला स्वतः हजर राहण्याच्या अटीतून सूट द्यावी, असेही लिहायला खिडकीवरच्या मुलीने सांगितले आहे, म्हणून लिहीत आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,

झेनून लोशी
मु. शेल्ग्येत
दि. ६ मे २०२४ (आज आमच्याकडे शेनग्येर्ग आहे.)

सोबत :
१. मिहाने लोशी यांच्या मृत्यूचा दाखला, तिसरी प्रत.
२. आपले पत्र, पाकिटासह.
३. ग्रामस्थांच्या अडतीस सह्या.
४. तारखेबद्दल सक्षम अधिकाऱ्याचा दाखला. हा अद्याप मिळालेला नाही.